रांगण्याची कसली शर्यत?

बाळ बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिल्या महिन्यात ‘कोणावर गेलंय?’ आणि ‘अंगावरचं दूध पुरतंय ना?’ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ‘मान धरली का?’ मग ‘अजून पालथा पडत नाही?’, ‘बसत नाही?’, ‘दात नाही आला एकही?’ आणि वर्ष भरत आलं की, ‘आमचा तर नवव्या महिन्यात घरभर पळत होता हो!’ विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. ती चहा घेते, बाळाच्या मुठीत नोट ठेवते आणि निघून जाते. प्रश्न मात्र घरातच राहतो. रात्री तो सासूबाईंच्या तोंडून येतो, दुसऱ्या दिवशी माहेरच्या फोनवरून. आणि त्या पहिलटकरणीला वाटायला लागतं, माझ्या बाळाचं काही चुकतंय का? की माझंच चुकतंय?

मी दोन मुलं वाढवली, आता नात वाढताना बघते आहे. गल्लीतली, नात्यातली कितीतरी बाळं मांडीवर घेतली. त्यावरून माझं एक स्पष्ट मत झालं आहे. आपल्या घरांमधून बाळाच्या आईला शंभर प्रश्न विचारले जातात, पण तिचा एक प्रश्न कोणी ऐकत नाही. ज्याची काळजी करायचं कारण नाही त्याची आपण चर्चा करत बसतो आणि ज्याची करायला हवी ते ‘होईल हो आपोआप’ म्हणून सोडून देतो.

आधी शर्यतीचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं बाळ कधी बसतं, कधी रांगतं, कधी चालतं याचा मोठा अभ्यास केला होता. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांमधल्या आठशेहून जास्त निरोगी बाळांकडे महिनोन्‌महिने लक्ष ठेवलं होतं. आपल्याकडची बाळं दिल्लीतली होती. त्यात काय दिसलं? आधाराशिवाय बसणं कोणाला चौथ्या महिन्याच्या आतबाहेर जमलं, तर कोणाला नऊ महिने उलटल्यावर. एकट्यानं चालणं कोणाला आठ महिन्यांनंतर, तर कोणाला साडेसतरा महिन्यांपर्यंत! म्हणजे दोन बाळांच्या चालण्यात नऊ महिन्यांचं अंतर असू शकतं आणि दोघंही तितकीच निरोगी असू शकतात. शंभरातली चारेक बाळं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कोणी ढुंगणावर सरकत पुढे गेलं, कोणी पोटावर, आणि थेट उभं राहिलं.

‘बाहेरच्या देशांचं काय सांगता?’ असं कोणी म्हणेल. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या विकासाची मोजपट्टी तयार केली होती. बाळ तपासताना तिचा उपयोग आजही होतो. तेव्हा बाळाची वाढ मोजण्याचं शास्त्र आपल्या घरचंच आहे. फक्त त्यात शेजारच्या बाळाशी तुलना करायला सांगितलेलं नाही.

मग बाळाकडून अपेक्षा तरी काय ठेवायची? तर महिन्याची तारीख बघण्यापेक्षा क्रम बघायचा. बाळाचं शरीर वरून खाली ताब्यात येत जातं. आधी डोळे, मग मान, मग खांदे आणि हात, मग कंबर आणि शेवटी पाय. मान धरल्याशिवाय बसणं नाही आणि बसल्याशिवाय उभं राहणं नाही. उशांचा ढीग लावून बाळाला चौथ्या महिन्यात बसवलं, तर ते बाळ बसलेलं नसतं, उशा बसलेल्या असतात!

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. बहुतेक बाळांचं ते दोन आठवड्यांत भरून येतं. हे माहीत नसलं की घरात लगेच ‘दूध पुरत नाही’ सुरू होतं आणि वरच्या दुधाचा डबा येतो. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतंय, पिऊन झाल्यावर शांत होतंय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. नव्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं. म्हणजे पदराखालून आईचा चेहरा दिसावा, इतकंच. निसर्गानं कसं मोजून दिलंय बघा!

झोपेत हसणाऱ्या बाळाला सटवाई हसवते म्हणतात. पण दीड-दोन महिन्यांचं झालं की ते जागेपणी, तुमच्याकडे बघून हसतं. हे हसू वेगळं. आपण बोललो की तेही हुंकार देतं, आपण थांबलो की वाट बघतं. बोलण्याची सुरुवात इथून होते, पहिल्या शब्दापासून नाही. तीन-चार महिन्यांत मान सावरते. याच सुमाराला त्याला स्वतःचे हात सापडतात आणि मग तासन्‌तास मूठ डोळ्यांसमोर धरून बघणं चालतं. त्यानंतर जे हाताला लागेल ते तोंडात. ही वाईट सवय नव्हे, वस्तू ओळखायची त्याची ती रीत आहे. तुम्ही फक्त वस्तू स्वच्छ आणि मोठी आहे ना, घशात अडकणार नाही ना, एवढं पाहा.

आठव्या-नवव्या महिन्यात बऱ्याच बाळांचं एक नवंच सुरू होतं. कालपर्यंत कोणाकडेही जाणारं बाळ आत्याला बघून भोकाड पसरतं. आत्या रुसते. ‘आईनं फार अंगाला लावून घेतलंय,’ असं ऐकवलं जातं. अहो, बाळाला आपलं कोण आणि परकं कोण हे कळायला लागलं, ही तर पेढे वाटायची गोष्ट! आईनं काही केलेलं नाही. आत्यानं थोडा वेळ लांब बसावं, बाळ आपणहून सरकत येईल.

त्याच वयात चमचा खाली टाकायचा खेळ सुरू होतो. तुम्ही दहा वेळा उचलून द्या, ते अकराव्यांदा टाकणार. टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, आवाज करते, परत येते, हे ते शिकत असतं. जमिनीवरचा केससुद्धा चिमटीत उचलता यायला लागतो, म्हणून गोळ्या, बटणं, मणी आता वर ठेवायचे. वर्षाच्या आसपास ते बोट दाखवून ‘ते बघ’ असं सांगतं, टाटा करतं, एखादा अर्थ असलेला शब्द बोलतं. आणि दात? कोणाला पाचव्या महिन्यात, तर कोणाला वर्षाच्या तोंडाशी. दातांमुळे जुलाब होतात, हे मात्र खरं नाही. जुलाब होतात ते तोंडात जाणाऱ्या मळक्या हातांनी आणि खेळण्यांनी. दातांवर ढकलून जुलाब अंगावर काढू नका.

आपल्या जुन्या रीती टाकाऊ आहेत, असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट मालीश करताना आजी बाळाशी जे अखंड बोलत असते, तोंडावर पदर घेऊन ‘कूक’ करते, चिऊचा घास काऊचा घास भरवते, पाळण्यावर रंगीत चिमण्या टांगते, तेच तर शिकवणं आहे. त्याला महागडी खेळणी लागत नाहीत. वाटी-चमचा, खुळखुळा आणि बोलणारं माणूस, एवढं पुरतं. आपला लाकडी पांगुळगाडा किती शहाणा होता बघा. बाळ आपल्या पायांवर उभं राहायचं आणि गाडा पुढे ढकलायचं. आता त्याच्या जागी चाकांचं प्लास्टिकचं वॉकर आलंय. त्यात बाळ टांगल्यासारखं बसतं आणि चवड्यांनी जमीन रेटतं. त्यानं चालणं लवकर येत नाही. उलट बाळ पायऱ्यांवरून कोसळतं किंवा गॅसपाशी पोचतं. कॅनडानं तर २००४ मध्ये वॉकर विकायलाच बंदी केली. आपल्याकडे मात्र पहिल्या वाढदिवसाच्या आत एक तरी वॉकर भेट येतंच!

दुसरी शर्यत गुटगुटीतपणाची. एके काळी गावोगावी गणेशोत्सवात, महिला मंडळात सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या आणि ज्याच्या मांडीला जास्त वळ्या त्याला बक्षीस मिळायचं. पावडरच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र छापायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं मनाई आहे. डब्यावरून ते बाळ गेलं, पण आपल्या मनातून गेलं नाही. साधारण हिशेब असा की, जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. म्हणजे पहिल्या पाच महिन्यांत बाळ झपाट्यानं भरतं आणि नंतर वेग कमी होतो. शिवाय रांगायला लागलं की दिवसभर हालचाल. मग ‘बाळ वाळलं गं, दृष्ट लागली’ सुरू होतं. खुशाल मीठ-मोहरी ओवाळा, पण त्याबरोबर तक्त्यावर वजनाचा ठिपकाही मांडून घ्या. एक ठिपका फारसं सांगत नाही. रेघ वर चढतेय का, आडवी पडलीय का, हे महत्त्वाचं. अडीच किलोचं जन्मलेलं बाळ साडेतीन किलोच्या बाळाच्या बरोबरीनं दिसणार नाही. ते आपल्या रेघेनं चढतंय ना, मग बास. आणि रेघ आडवी पडली, तर टाळू भरायला तेल घालत बसण्यापेक्षा सहा महिन्यांनंतरच्या वरच्या अन्नाकडे बघा. नुसतं वरणाचं पाणी देऊन बाळ भरत नाही. मऊ भात, घट्ट वरण, कुस्करलेली भाजी, वर तूप, आणि खात असाल तर अंडं, असं द्यावं लागतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते.

आमच्या ओळखीत एक मुलगी आहे. गोरी, बाळसेदार, अकराव्या महिन्यात चालली. बाळाच्या शर्यतीत सगळीकडे पहिली! पण दोन वर्षांची झाली तरी बोलेना. घरचे म्हणायचे, ‘हिचा बाप चौथ्या वर्षी बोलला.’ ती तीन वर्षांची झाल्यावर तपासणी झाली आणि कळलं, तिला जन्मापासून ऐकूच येत नव्हतं. नंतर तिची आई मला एकदा म्हणाली, ‘काकू, मला आठव्या महिन्यातच वाटलं होतं. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी ही दचकायची नाही. मी बोलून दाखवलं, तर म्हणाले, गाढ झोपते, शहाणी आहे. दुसऱ्यांदा बोलले तर म्हणाले, चांगल्या पोरीला नावं ठेवू नकोस.’ तिसऱ्यांदा ती बोलली नाही.

ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, आवाज काढतं. म्हणून घरच्यांना शंका येत नाही. कोणी पाठीमागे थाळी वाजवून बघतं. बाळाला हादरा जाणवतो, सावली हलताना दिसते, ते वळतं आणि सगळे म्हणतात, ‘बघा, ऐकू येतंय की!’ खरी तपासणी यंत्रावर होते. ती जन्मल्यावर पहिल्या महिन्याच्या आत, झोपलेल्या बाळावर करता येते, दुखत-खुपत नाही. ऐकण्यात दोष निघाला आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र बसवून शिकवणं सुरू झालं, तर बाळ बोलायला शिकण्याची शक्यता खूपच वाढते. तीन वर्षांनंतर तेच काम डोंगराएवढं होतं. ती मुलगी आता शिकते आहे, आई तिच्याबरोबर आठवड्याला एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. पण गेलेली तीन वर्षं कोण परत आणून देणार?

म्हणून म्हणते, चालण्याचं कौतुक कमी करा आणि पुढच्या गोष्टी बघा. तीन महिन्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसत नसेल, नजर मिळवत नसेल. चार महिने झाले तरी मान सावरत नसेल. सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे वळत नसेल. नऊ-दहा महिने होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, ‘बाबाबा, दादादा’ असे आवाज काढत नसेल, नावानं हाक मारल्यावर बघत नसेल. वर्षाचं होऊनही बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल. दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल. अंग फार ताठ किंवा फार लुळं लागत असेल. वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल आणि दुसरा नुसता मिटून ठेवत असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, येत असलेली गोष्ट विसरलं असेल, बोलत होतं ते बंद झालं असेल. यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, दाखवायचं. याचा अर्थ बाळात दोष आहेच, असं नाही. कितीतरी वेळा डॉक्टर बघून सांगतात, सगळं ठीक आहे. छानच की! एक फेरी वाया गेली, एवढंच. न गेलेल्या फेरीचं नुकसान मोठं असतं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाचा हिशेब मात्र वेगळा. दोन महिने आधी आलं असेल, तर सहाव्या महिन्यात त्याच्याकडून चौथ्या महिन्याचीच अपेक्षा ठेवायची.

‘छोट्या गावात कुठे दाखवणार?’ हा प्रश्न खरा आहे. बालविकासाचे तज्ज्ञ शहरात. पण आपल्या हाताशी काहीच नाही, असंही नाही. बाळंतपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड आपण फक्त लस टोचायला जाताना काढतो. ते जरा उघडून वाचा. त्यात मुलाचा आणि मुलीचा वजनाचा वेगळा तक्ता आहे, कोणत्या वयात काय यायला हवं याची चित्रं आहेत. बाळाच्या बाबांनाही वाचायला द्या, तेही पालकच आहेत! आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यातही त्यांनी घरी येऊन बाळ बघायचं असतं. आल्या की त्यांना दारातून परत पाठवू नका, बसवा आणि विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी बाळाला घेऊन जायचंच. पथकाला काही वाटलं, तर ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्रात पाठवतात. आणि कोणी ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणालं, तर लस द्यायच्या दिवशी पुन्हा विचारा. तुमची शंका तुमच्या भाषेत सांगा, ‘कुकरच्या शिट्टीला दचकत नाही,’ अशी. डॉक्टरला त्यातून नेमकं कळतं.

दोन गोष्टी मला सासूबाईंना आणि आजे-सासूबाईंना हात जोडून सांगायच्या आहेत. एक म्हणजे, बाळाच्या उशिराचं खापर सुनेच्या डोक्यावर फोडू नका. गरोदरपणात हिनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, हे उकरून काढून बाळ बसायला लागत नाही. अशा बोलण्यानं एकच होतं, ती शंका बोलून दाखवायचं बंद करते. आणि बाळाबरोबर चोवीस तास असणारी तीच गप्प झाली, तर बाळाचं कोण सांगणार? दुसरं म्हणजे, मुलगी असेल तर ‘बघू पुढे’ आणि मुलगा असेल तर लगेच गाडी काढून शहरात, हे अजूनही घडतं. आपल्या डोळ्यांसमोर घडतं. मुलीची फेरीही तितक्याच लगबगीनं व्हायला हवी.

आणि मैत्रिणींनो, तुम्हालाही एक सांगायचंय. बाळ जेवत नाही म्हणून हातात मोबाईल देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ तर दोन वर्षांपर्यंत नको म्हणतात. मोबाईल बाळाशी बोलतो, पण बाळाच्या हुंकाराची वाट बघत नाही. ते काम माणसाचंच. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना बाळाला समोर ठेवा आणि बोलत राहा. ‘ही बघ मेथी, हा बघ तुझा लंगोट.’ वेडेपणा वाटेल, वाटू दे!

आता लग्नसराई, बारशी, डोहाळजेवणं सुरूच असतात. कुठे ना कुठे बाळ बघायला आपण जाणारच. या वेळी ‘अजून बसत नाही?’ हा प्रश्न घरी ठेवून जाऊ या. बाळाला मांडीवर घ्या, त्याच्याशी बोला, ते तुमच्याकडे बघतंय का, आवाजाला वळतंय का, सहज लक्ष ठेवा. मग त्याच्या आईजवळ बसा आणि तिला विचारा, ‘तुला काही वाटतंय का गं बाळाबद्दल?’ आणि ती बोलायला लागली की मध्ये आपल्या नातवाचं कौतुक न घालता, तिचं बोलणं संपेपर्यंत ऐका.